बरे आहेत गुडघे, तू कशी आहेस?

आमच्या वच्छलाताईंना कुणीही "कशा आहात?" विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "बरी आहे, तुम्ही सांगा." टायफॉइडमध्ये त्यांनी हेच सांगितलं. सीताबर्डीला एका स्कूटरवाल्यानं धक्का दिला, कोपर सोललं, एक चप्पल नालीत गेली, तेव्हाही रस्त्यावर बसल्या-बसल्या त्यालाच म्हणाल्या, "बरी आहे बापा. तुले तं नाही ना लागलं?"

मी त्यांची धाकटी जाऊ, सुमती. सक्करदऱ्याला एकाच अंगणात आमची तीस वर्षं गेली, त्यामुळे त्यांच्या 'बरी आहे'चे प्रकार मला कळतात. पदर खोचून म्हटलेलं 'बरी आहे' म्हणजे खरंच बरी. पदरानं तोंड पुसत म्हटलेलं म्हणजे डोकं दुखतंय. आणि भिंतीला हात लावून म्हटलेलं म्हणजे गुडघे. हे भिंतीचं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आता स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत कमरेच्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटलाय. पाहुण्यांना वाटतं, मुद्दाम डिझाइन काढलंय.

त्या गुडघ्यांसकट घरात कसंबसं निभत होतं. निभत नव्हतं ते खाप्याला.

खाप्याला ताईंची थोरली बहीण राहते, कौसल्याबाई, ताईंची नुसती 'बाई', वय अठ्ठ्याहत्तर. घर वरच्या मजल्यावर. वर जायला अंगणातून चौदा पायऱ्या. उभ्या, अरुंद, जणू गवंड्यानं मांजराच्या मापानं बांधल्या. कौसल्याबाईंचे गुडघे ताईंच्याही आधी गेले. म्हणजे थोरलीला खाली उतरता येत नाही आणि धाकटीला वर चढता येत नाही. दोन वर्षं दोघी बहिणी ओरडून बोलत होत्या. ताई अंगणात खुर्ची टाकून मान वर करणार, बाई वर कठड्याला धरून मान खाली. दोरी बांधलेल्या टोपलीतून डबा वर जायचा आणि सुपारी खाली यायची.

"बाई वं! सुनेशी जमते काय आता?" ताई खालून.

"ती इथंच उभी आहे!" बाई वरून.

"मंग हळू सांग!"

चौदा पायऱ्यांवरून हळू सांगायची काही सोय नव्हती. साऱ्या गल्लीला त्या घरातली भांडणं, औषधं, कुणाला कशानं गॅस होतो, सगळं पाठ झालं. समोरची गोलूची आई तर ताईंची रिक्षा दिसली की वाटाणे सोलायला दारातच येऊन बसायची. एकदा तर ताई बहिणीला काहीतरी सांगता-सांगता मधेच रडल्या, तर गोलूच्या आईनं तिकडून विचारलं, "काय झालं? शेवटचं ऐकू नाही आलं."

ताईंचे यजमान बाबारावभाऊजी तहसील ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. ते म्हणाले, "खुर्चीत बसवून चार माणसं वर नेऊन ठेवतील. काय मोठी गोष्ट आहे?"

"चार खांद्यांवर एकदाच जायचं असते," ताई म्हणाल्या आणि विषय संपला. त्यांना जायचं होतं ते आपल्या पायांनी. पुढच्या संक्रांतीच्या आत एकदा बाईच्या मांडीला मांडी लावून बसायचं, एवढंच त्यांचं मागणं. मलाही त्यांनी ते एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडताना, भाजीकडे बघून.

डॉक्टर म्हणाले, झीज आहे, ऑपरेशनचं आत्ताच नको, आधी बारा आठवडे व्यायाम. आमच्या घराजवळच्या छोट्या क्लिनिकमध्ये रितिका नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, पंचविशीची, बोलायला गोड. तिनं ताईंच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. 'गुडघासखी.' रोज सकाळी सात वाजता सखी बोलेल, गुडघे किती दुखतात ते विचारेल. तुम्ही शून्य ते दहापैकी एक चेहरा दाबायचा. शून्य म्हणजे हिरवा हसरा, दहा म्हणजे लाल रडका. त्यावरून सखी त्या दिवसाचा व्यायाम ठरवते.

"नीट केलंत तर जिने चढाल काकू."

ताईंनी एकच प्रश्न विचारला. "चौदा?"

"चौदा काय, चोवीस चढाल!"

घरी येताना ताई रिक्षात फोन मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, अंबाडीच्या कोवळ्या जुडीसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन बोलला. "नमस्कार वच्छलाताई! आज तुमचे गुडघे कसे आहेत?" आवाज बाईचा, स्वच्छ, लाघवी. बातम्या सांगणाऱ्यांसारखा, पण मायेचा.

ताई ओट्याशी होत्या. त्यांनी लगबगीनं हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि फोनला म्हणाल्या, "बरे आहेत वं बाई. तू कशी आहेस?" आणि हिरवा हसरा चेहरा दाबला.

"छान! असंच चालू ठेवा!" सखी म्हणाली.

"पाहा, किती चांगली आहे," ताई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, रात्रीच तर तुम्ही कुशीवर वळताना 'आई गं' म्हणालात."

"मंग? सकाळी सकाळी कोनाच्या तोंडावर दुखणं फेकू काय? बिचारी इतक्या प्रेमानं विचारते. अन् तो रडका चेहरा पाहिला काय तू? दिवसाच्या सुरुवातीले असा चेहरा दाबायचा असते काय?"

मला वाटलं, चार दिवसांनी सवय होईल. सवय झाली, पण शून्य दाबायची. रोज सकाळी शून्य, रोज "तू कशी आहेस", वर एकदा "पाणी आलं काय तुमच्याकडे?" हेही. बाबारावभाऊजी बंगईवर झोके घेत पेपराआडून बघायचे.

"चव्वेचाळीस वर्षांत मले कधी विचारलं नाही, कसे आहात म्हणून."

"तुम्ही न विचारता सांगता," ताई म्हणाल्या.

आता सखीला बिचारीला काय माहीत, आपल्याकडे तब्येत विचारणाऱ्याला तब्येत सांगायची नसते. तिनं शून्य म्हणजे शून्य समजून घेतलं. पहिल्या आठवड्यात पलंगावर बसून पाय सरळ करणं होतं. दुसऱ्यात, "अभिनंदन! तुम्ही लेव्हल दोनवर पोहोचलात." खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा. तिसऱ्यात वीस वेळा. चौथ्यात फोनमधून टाळ्या वाजल्या, रंगीत कागदाचे तुकडे पडले, आणि सखीनं पाटावर चढणं-उतरणं सांगितलं, दोन्ही पायांनी तीस-तीस वेळा.

ताई ते सगळं करायच्या. नाही म्हणणंही त्यांना जमत नाही. कुणी आग्रहानं चौथी पोळी वाढली की खातात, तसंच सखीनं वाढलेलं सगळं पोटात घ्यायच्या. पाचव्या आठवड्यात मी मागच्या खोलीत गेले तर ताई पलंगावर, दोन्ही गुडघ्यांवर फ्रीजमधल्या वाटाण्यांच्या पिशव्या, गुडघे फणसासारखे टम्म. आणि हातात फोन. बोट हिरव्या चेहऱ्यावर.

"ताई! काहून असं करून राहिल्या तुम्ही?" माझा आवाज चढला. "निदान पाच तरी दाबा!"

"पाच म्हणजे तोंड वाकडं केलेला आहे तो. चांगलं नाही दिसत."

"कुणाला चांगलं नाही दिसत?"

ताईंनी फोन पालथा ठेवला, आतल्या सखीला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि हळूच म्हणाल्या, "तिले वाईट वाटंल ना वं. इतकी मेहनत करून राहिली ती माझ्यावर."

मी रितिकाला सांगायला निघाले होते. ताईंनी माझा हात धरला, त्यांच्या गळ्याची शपथ घातली. जावेची शपथ मी तीस वर्षांत मोडलेली नाही, हा माझाच मूर्खपणा. गप्प बसले आणि रोज वाटाणे गोठवत राहिले. त्या महिन्यात आमच्याकडे वाटाण्याची भाजी झाली नाही.

आठव्या आठवड्यात रितिकाचा फोन आला. आनंदानं किंचाळत होती. "काकू! तुमचा ग्राफ किती सुंदर आहे! सलग पन्नास दिवस शून्य! असा पेशंट आमच्याकडे झालाच नाही. शनिवारी अ‍ॅप बनवणारे सर येणार आहेत, पेशंटांची मतं ऐकायला. तुम्ही बोलायचं हं. आणि मग तुमची फाइल आपण बंद करूया. तुम्ही तर बऱ्याच झालात! तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला घेता येईल."

ताई "हो, हो" म्हणाल्या, "तू कशी आहेस" म्हणाल्या, फोन ठेवला. मग भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभ्या राहिल्या.

"फाइल बंद म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे क्लिनिक संपलं."

"अन् पायऱ्या?"

त्यांनी नळ बंद केला.

शनिवारी क्लिनिकच्या शेजारच्या समाजभवनात वीसेक पेशंट जमले. ताईंबरोबर मी आणि बाबारावभाऊजीही गेलो. सगळे खुर्च्यांच्या कडेला बसलेले, कारण मागे रेलून बसलं तर उठायचे वांधे. सरांचं नाव पियूष. तिशीचा, सडपातळ, डोळ्यांत झोप. पुढे दोन पायऱ्यांचं एक छोटं स्टेज, त्यावर तो माइक घेऊन उभा. आल्या-आल्या सगळ्यांना तर्री-पोहे दिले होते, आणि तिथंच घोळ झाला.

"मोकळेपणानं सांगा," पियूष म्हणाला. "अ‍ॅपमध्ये काय आवडत नाही, तेच ऐकायला आलोय."

आता ज्याचे पोहे नुकतेच खाल्ले, वर तर्री मागून घेतली, त्याच्या वस्तूला त्याच्या तोंडावर नावं ठेवणार कोण? पहिली बाई उठली, "फार छान आहे," म्हणाली. दुसरे काका उठले, "उत्तम." तिसऱ्या म्हणाल्या, "सर, तुम्ही वाळलात किती." पियूष हताश होऊन वहीत काहीतरी लिहीत होता. काय लिहिलं देव जाणे.

मग नत्थूजी उठले. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, क्लच दाबून-दाबून डावा गुडघा गेलेला. त्यांना पथ्य होतं म्हणून त्यांनी पोहे खाल्ले नव्हते.

"अ‍ॅप चांगलं आहे गा," ते म्हणाले. "फक्त एक आहे. ती बाई म्हणते, चटईवर झोपा. मी झोपलो. मंग म्हणते, छान, आता उठा. अरे, उठवायले तू येतं काय? मंगळवारी मी सकाळी सातपासून दूधवाला येईपर्यंत खालीच होतो. ती वरून म्हणून राहिली, 'तुम्ही उत्तम प्रगती करत आहात!'"

सगळं समाजभवन हसलं आणि बांध फुटला. एक बाई म्हणाली, तो चित्रातला गुडघा कुणाचा आहे, इतका गोरा, गुळगुळीत? असा गुडघा असता तर आम्ही इथं कशाला आलो असतो? दुसरी म्हणाली, घंटी बरोबर आरतीच्या वेळी वाजते, देव गोंधळतो. तिसऱ्या काकांची सखी नातवानं दाबादाबी करून तामीळ केली होती. ते दोन महिने तामीळमध्ये व्यायाम करत होते आणि, त्यांच्या मते, गुण होता.

पियूषची झोप उडाली होती. तो भराभर लिहायला लागला. मग रितिका उठली, "आणि आता आमच्या सगळ्यात यशस्वी पेशंट! पन्नास दिवस शून्य! वच्छलाकाकू, या, वर या!"

टाळ्या. ताई उठल्या. खुर्चीचे दोन्ही हात दाबून, मग माझा खांदा दाबून. पदर नीट केला. स्टेजपर्यंत गेल्या आणि पहिल्या पायरीपाशी थांबल्या. उजवा पाय उचलला. तो वीतभर वर गेला आणि तिथंच थरथरत राहिला. वर नाही, खाली नाही.

टाळ्या हळूहळू विरल्या.

"काकू? ठीक आहात ना?" रितिका पुढे झाली.

"बरी आहे," ताई म्हणाल्या. त्यांचा हात भिंत शोधत होता. भिंत नव्हती. हवेतच पट्टा ओढत होत्या. "बरी आहे. तू कशी..."

मला शपथ आठवली. शपथ गेली चुलीत, म्हणून मी खुर्चीवरून उठले. म्हणजे उठायला लागले. माझंही वय झालंय, वेळ लागतो. तेवढ्यात ताईंनी पाय खाली टेकला, पिशवीतून फोन काढला आणि सखी उघडली. माणसांकडे पाहिलंच नाही.

"बाई वं," त्या फोनला म्हणाल्या, अगदी हळू, पण पियूषनं माइक खाली केला होता त्यात सगळं गेलं, "मले माफ कर. मी तुझ्याशी पन्नास दिवस खोटं बोलली. बरे नाहीत माझे गुडघे. दुखते. लई दुखते. तुले वाईट वाटंल म्हणून नाही सांगितलं. पण आता फाइल बंद करून राहिले हे लोक, अन् माझी बाई वर बसली आहे चौदा पायऱ्यांवर."

आणि त्यांनी लाल, रडका चेहरा दाबला. डोळे मिटून.

सखीनं क्षणभर गोल-गोल फिरून विचार केला. मग तिच्या त्याच मायाळू आवाजात म्हणाली, "सांगितल्याबद्दल धन्यवाद. आज व्यायाम नको. आज विश्रांती घ्या."

ताईंनी डोळे उघडले. बाबारावभाऊजींकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं काय? विश्रांती घ्या म्हणते. तुम्हाले सांगितलं असतं तं म्हणाले असते, आधी चहा टाक."

भाऊजी एकदम उठले आणि कधी नव्हे ते तोडगा न सुचवता आपली खुर्ची उचलून ताईंच्या मागे नेऊन ठेवली.

रितिका रडकुंडीला आली होती. "काकू, मी पण नुसता ग्राफ बघितला, गुडघा बघितलाच नाही." तिनं तिथंच खाली बसून ताईंचे गुडघे हातानं दाबून पाहिले, आणि फाइल बंद होणार नाही म्हणाली. सगळं पहिल्यापासून.

पियूष स्टेजवरून उतरून समोर उकिडवा बसला, अगदी सहज. त्या बसण्याकडे वीस पेशंटांनी हेव्यानं पाहिलं. "काकू, मग आम्ही कसं विचारू म्हणजे लोक खरं सांगतील?"

"हे पाह्य बेटा," ताई म्हणाल्या, "एकदम गुडघ्यावर नको येऊ. आधी विचार, जेवण झालं काय. मंग विचार, पाणी आलं काय. मंग आपोआपच निघते."

त्यानं ते लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. खरंच लिहिलं होतं: जेवण, पाणी, मग गुडघा.

त्यानंतर सखी आणि ताई लेव्हल एकवर परत आल्या. टाळ्या नाहीत, रंगीत कागद नाहीत. बसून पाय सरळ करणं, दहा मोजणं, सोडणं. ताई आता खरे आकडे दाबायच्या. आठ. आठ. सात. पुन्हा आठ, कारण पाहुणे आले होते. सहा. दर दाबण्याआधी एक "माफ कर" असायचंच. तेवढं आम्ही चालवून घेतलं.

आणि रोज संध्याकाळी त्याच व्यायामाची शिकवणी फोनवरून खाप्याला जायची. कौसल्याबाईंचं बरोबर उलटं. जन्मभर त्यांना काहीही विचारा, उत्तर दहाच.

"बाई वं, आज किती दुखते?"

"बारा."

"बारा नाही त्याच्यात. दहापर्यंतच आहे."

"कंजूष आहे तुझी सखी."

धाकटी शून्य म्हणायची म्हणून सगळ्यांनी खरं मानलं आणि थोरली दहा म्हणायची म्हणून कुणीच मानलं नाही. दोघींचे गुडघे तेवढेच झिजलेले.

संक्रांतीच्या चार दिवस आधी आम्ही खाप्याला गेलो. ताई अंगणात आल्या. खुर्ची मांडलेली होती, ती त्यांनी बाजूला सारली. वर पाहिलं. कठड्याशी कौसल्याबाई नव्हत्या. त्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, जिन्याचा कठडा धरून, सून मागे.

"तू काहून उठली?" ताई ओरडल्या.

"तू एकटीच शिकली काय व्यायाम?" बाई वरून.

मग सुरू झालं. चांगला पाय आधी वर, दुखरा मागून. कौसल्याबाईंचं उलटं, दुखरा आधी खाली. रितिकानं तसंच सांगितलं होतं. मी ताईंच्या मागे, भाऊजी माझ्या मागे, आणि भाऊजींच्या मागे, कुणी बोलावलं नसताना, गोलूची आई. दर पायरीवर थांबायचं, श्वास घ्यायचा, एकमेकींना नावं ठेवायची. "कासव." "तू मोठी हरणी." पाव तास लागला. सातव्या पायरीवर दोघींचे हात एकमेकींना लागले आणि दोघी तिथंच मटकन बसल्या. मांडीला मांडी लावून, कारण पायरीची रुंदीच तेवढी.

आता ना वर जाता येत होतं, ना खाली. भाऊजी म्हणाले, "मी म्हणत होतो, खुर्ची..." कुणी ऐकलं नाही. कौसल्याबाईंच्या सुनेनं सवयीनं टोपलीत तीळगूळ घालून दोरी सोडली. ती दोघींच्या नाकासमोरून खाली अंगणात गेली आणि पुन्हा वर ओढावी लागली.

मी दोन पायऱ्या खाली बसले होते. त्या काय बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही. नुसतं कुजबुजणं, मधेच हसू, मधेच बाईंनी ताईंचं नाक पुसलं.

एवढ्यात ताईंच्या पिशवीतून आवाज आला; निघायच्या गडबडीत सकाळची सखी त्यांनी दुपारवर ढकलली होती. "नमस्कार वच्छलाताई! जेवण झालं का?"

आम्ही सगळे चकित. सखीनं हे कधी विचारलं नव्हतं.

"कोन आहे वं ही?" कौसल्याबाईंनी विचारलं. "चांगल्या घरची दिसते."

"व्हायचं आहे वं," ताई सखीला म्हणाल्या. मग तिनं पाण्याचं विचारलं, मग गुडघ्यांचं. ताईंनी चेहऱ्यांकडे नीट पाहिलं आणि चार दाबलं. माफी मागितली नाही.

"चारच?" कौसल्याबाई म्हणाल्या. "माझे दहा टाक त्याच्यात."

खालून गोलूची आई कळवळून म्हणाली, "काय वं, आज काहीच ऐकू येऊन नाही राहिलं! जरा मोठ्यानं बोला ना!"

ताईंनी बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला, मान वळवली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काही नाही वं, बऱ्या आहोत! तू सांग!"